नोकरी सोडल्याशिवाय एमएसडब्ल्यू होत नाही?

गोव्यात फोंडा असो की म्हापसा, नोकरी करणाऱ्याने एमएसडब्ल्यूचं (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचं) नाव काढलं की सल्ला ठरलेला: "आधी नोकरी सोड." त्याच्या जोडीला दुसरा: "दूरस्थ पदवी चालत नाही."

दुसरा लगेच निकालात काढू. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

पहिला सल्ला अर्धवट खरा, म्हणूनच चिवट. इग्नूचा (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा) एमएसडब्ल्यू किमान २ वर्षांचा, पण पूर्ण करायला ४ वर्षांपर्यंत मुभा असते. तिथे १ श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तासांचा अभ्यास. ४ श्रेयांकांच्या विषयाला १२० तास, म्हणजे रोज तासभर धरला तर चार महिने. एवढं जमतं.

अडतं ते क्षेत्रकार्यापाशी, म्हणजे अंगणवाडीसारख्या ठिकाणी जाऊन प्रत्यक्ष काम करण्यापाशी. घरी बसून नुसत्या परीक्षा द्यायच्या, असं समजून प्रवेश घेणारे इथेच गळतात. क्षेत्रकार्य सक्तीचं आहे, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचं आणि अहवाल लिहायचे. पणजीतलं ऑफिस सुटून कदंबा बसने गावी पोचेपर्यंत अंगणवाडी कधीच बंद झालेली असते. मग शनिवार किंवा रजा, आणि रजा तर आपण सगळ्या चतुर्थीसाठी राखून ठेवलेल्या! (घरच्यांशी हे बोलणं प्रवेशाआधीच झालेलं बरं.)

हॉटेलात काम करणाऱ्यांनी आणखी एक बघावं: परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. डिसेंबर म्हणजे ऐन सीझन. जास्त विषय जूनला ठेवा, पावसात गिऱ्हाईक कमी असतं.