आखूड रिकर्व्ह धनुष्य : बोटांची ठेवण आणि बाणाची जुळणी

साधारण ४८ ते ५८ इंच लांबीचे, टोके तिरंदाजापासून दूर वळलेले धनुष्य म्हणजे आखूड रिकर्व्ह. ते दाट झाडीत सोयीचे असते, पण २८ इंच खेचल्यावर दोरीचा कोन बोटांपाशी फार अरुंद होतो. तर्जनी आणि मध्यमा बाणाच्या खाचेवर, म्हणजे नॉकवर, दोन्ही बाजूंनी आवळल्या जातात. त्यामुळे बाण शेल्फवरून, म्हणजे मुठीवरच्या बाण टेकवायच्या कडेवरून, उचलला जातो किंवा सुटताना वरखाली हेलकावतो. आशियातील आखूड धनुष्ये अंगठ्याने खेचण्याची पद्धत होती. त्या पद्धतीत बोटांचा हा चिमटा बसतच नाही.

बोटांची पकड स्थिर झाल्याशिवाय बाकीची जुळणी व्यर्थ आहे. दोरी पहिल्या पेराच्या सांध्यात बसवावी, बोटांच्या टोकांवर धरू नये. एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली असतील तर नॉकच्या दोन्ही बाजूंना किंचित फट ठेवावी. मधल्या ठोकळ्याचा फिंगर टॅब, म्हणजे बोटांना दोरीपासून जपणारा तुकडा, ही फट राखतो. पूर्ण खेचल्यावर तर्जनीवरचा भार कमी करून तो मध्यमा व अनामिकेवर घ्यावा. एवढ्यानेही आवळणे थांबत नसेल, तर तिन्ही बोटे बाणाखाली घ्यावीत. अशा वेळी धनुष्याचा आवाज थोडा वाढू शकतो आणि नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर नॉकची जागा ठरवणारी गाठ, वर न्यावा लागतो.

एक बोट वर, दोन खाली या पकडीसाठी नॉकिंग पॉइंट शेल्फपासून दोरीला काटकोनात जाणाऱ्या रेषेपेक्षा सुमारे १० ते १३ मिमी वर, तर तिन्ही बोटे खाली असताना १६ ते १९ मिमी वर ठेवून सुरुवात करतात. बाण दोरीवरून खाली घसरू नये म्हणून नॉकखाली दुसरी गाठ बांधणे उत्तम. नॉक दोरीवर हलकेच 'टक' करून बसावा आणि दोरीला बोटाने टिचकी मारताच सुटावा. शेल्फवरून थेट मारताना खऱ्या पिसांचेच बाण वापरावेत, कारण प्लास्टिकची पाती शेल्फला आपटून बाण उडवतात.

मग बिनपिसांच्या बाणाची चाचणी. आधी १० मीटरवरून, नंतर १८ मीटरवरून पिसांचे तीन आणि बिनपिसांचे दोन-तीन बाण मारावेत. बिनपिसांचे बाण पिसांच्या बाणांपेक्षा खाली लागले तर नॉकिंग पॉइंट खाली आणावा, वर लागले तर वर न्यावा. आधी ही उभी जुळणी, मगच आडवी. उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बिनपिसांचा बाण डावीकडे लागला तर बाण ताठ आहे, उजवीकडे लागला तर लवचीक. ताठ बाणाला जड टोक बसवावे. लवचीक बाणाला हलके टोक बसवावे किंवा तो एका वेळी ६ मिमीच कापावा. मात्र तो खेचण्याच्या लांबीपेक्षा आखूड होता कामा नये, नाहीतर शेल्फमागे पडून हाताला इजा होते.

इथे एक फसवी खूण ओळखावी लागते. फार ताठ बाण मुठीच्या कडेला आपटून उजवीकडे उडतो आणि लवचीक असल्यासारखा भासतो. नॉकिंग पॉइंट फार खाली असेल, तर बाणाची शेपूट शेल्फवर आपटून वर उडते आणि नॉकिंग पॉइंट फार वर असल्याचा समज होतो. म्हणून सुरुवात नेहमी वरून करून खाली यावे. शंका असेल तेव्हा शेल्फवर टाल्कम पावडर शिंपडून एक बाण मारावा. आपटल्याची जागा पावडरमध्ये स्पष्ट उमटते.