आयर्लंड–ब्रिटन व्यापार : गुरं, कोळसा आणि कागदपत्रं

वेल्समधल्या होलीहेड बंदरातून निघालेली बोट डब्लिनच्या धक्क्याला लागायच्या साधारण अर्धा तास आधी ट्रकचालक मोबाइलवर कस्टम्सच्या यंत्रणेत आपल्या खेपेचा नंबर टाकून बघतो. ‘थेट बाहेर पडा’ असा संदेश असेल तर दहा मिनिटांत गाडी महामार्गावर. ‘कस्टम्सकडे या’ असेल तर आतला माल काय आहे आणि कागद किती नीट भरलेत यावर त्याचा दिवस ठरतो. या मार्गावर सव्वातीन तासांच्या प्रवासाला १९९३ ते २०२० या काळात यातलं काहीच लागत नव्हतं.

आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यातल्या व्यापाराची भांडणं जुनी आहेत, आणि बहुतेकांच्या मुळाशी गुरं सापडतात. १६६७च्या कायद्याने इंग्लंडने आयरिश गुरांची आयातच बंद केली. १६९९मध्ये आयरिश लोकरी कापडाच्या निर्यातीवर बंधनं आली. १८०१मध्ये दोन्ही देश एक राज्य झाले, पुढच्या पंचवीसेक वर्षांत मधली शुल्कं गेली आणि चलनही एक झालं. आयर्लंड पिकवणार आणि ब्रिटन खाणार, अशी घडी बसली. १९२२मध्ये आयर्लंडला स्वातंत्र्य मिळालं (उत्तर आयर्लंड ब्रिटनकडेच राहिला), १ एप्रिल १९२३ला कस्टम्सची सीमा उभी राहिली, पण ही घडी काही मोडली नाही. १९२४मध्ये आयरिश निर्यातीपैकी सुमारे ९८ टक्के माल ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडकडेच जात होता.

त्यामुळे १९३२चं व्यापारयुद्ध आयर्लंडला फार महाग पडलं. जमीनदारांकडून जमिनी विकत घेण्यासाठी ब्रिटिश सरकारने शेतकऱ्यांना दिलेल्या कर्जांचे हप्ते, म्हणजे वर्षाला सुमारे ३० लाख पौंड, लंडनला पाठवायचं आयर्लंडच्या डी व्हॅलेरा सरकारने बंद केलं. ब्रिटनने ती रक्कम वसूल करण्यासाठी आयरिश शेतमालावर २० टक्के शुल्क लावलं आणि पुढे ते वाढवलं, शिवाय गुरांवर कोटाही आला. आयर्लंडने ब्रिटिश कोळशावर टनामागे पाच शिलिंग बसवले. गुरांचे भाव इतके कोसळले की वासरू पोसण्यापेक्षा मारणं परवडू लागलं, आणि सरकारच कातड्यामागे दहा शिलिंग देऊ लागलं. चोरटी वाहतूकही जोरात होती. सीमेपलीकडे उत्तर आयर्लंडात गाय पोचली की तिला ब्रिटिश भाव मिळे.

१९३५च्या सुरुवातीला दोघांनीही पाय मागे घेतला. आयर्लंडने आपला कोळसा ब्रिटनकडूनच घ्यायचा आणि ब्रिटनने गुरांचा कोटा एक तृतीयांशाने वाढवायचा, असं ठरलं. २५ एप्रिल १९३८च्या कराराने आयर्लंडने १ कोटी पौंड एकरकमी देऊन हप्त्यांचा विषय संपवला, आणि ब्रिटनच्या ताब्यातली तीन बंदरंही त्याला परत मिळाली. हिशेबाने पाहिलं तर हा सौदा आयर्लंडला स्वस्तात पडला; मधल्या सहा वर्षांची किंमत मात्र शेतकऱ्यांनी मोजली.

ऑक्टोबर १९६४मध्ये ब्रिटनच्या विल्सन सरकारने कारखानी मालाच्या आयातीवर १५ टक्के अधिभार लावला आणि एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्यातला धोका डब्लिनला पुन्हा जाणवला. १४ डिसेंबर १९६५ला आयर्लंडचे पंतप्रधान लेमास आणि विल्सन यांनी मुक्त व्यापार करारावर सह्या केल्या. ब्रिटनने आपली शुल्कं जुलै १९६६मध्ये लगेच काढली. आयर्लंडला दरवर्षी दहा टक्के या गतीने कमी करायची सवलत मिळाली. १९७३मध्ये दोघेही युरोपीय समुदायात (आजच्या युरोपीय संघात) गेले. तेव्हा आयर्लंडची निम्म्याहून अधिक निर्यात ब्रिटनला जात होती. आज मालाच्या निर्यातीत हा वाटा साधारण दहाव्या हिश्शाच्या घरात आहे. मार्च १९७९मध्ये आयरिश पौंडाची ब्रिटिश पौंडाशी (स्टर्लिंगशी) असलेली एकास-एक बरोबरी तुटली. १ जानेवारी १९९३ला सीमेवरची कस्टम्सची ठाणी उठली.

ब्रेक्झिटच्या वाटाघाटींत उत्तर आयर्लंडच्या सीमेचाच पेच सगळ्यात अवघड ठरला. ऑक्टोबर २०१९मध्ये तो सैल झाला तो बोरिस जॉन्सन आणि आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर यांच्या भेटीनंतर. (वराडकर घराणं मालवण तालुक्यातल्या वराड गावचं.) तपासणी जमिनीवरच्या सीमेवर न करता आयरिश समुद्रातल्या बंदरांवर करायची, असा तोडगा निघाला.

१ जानेवारी २०२१पासून लागू झालेला ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातला करार ‘शून्य शुल्क’ म्हणून ओळखला जातो, पण ती सवलत फक्त मूळ ब्रिटिश किंवा मूळ युरोपीय मालाला आहे. खरी गोम इथेच आहे. मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटिश दुकानसाखळीच्या ‘पर्सी पिग’ गोळ्या जर्मनीत बनत. त्या ब्रिटनच्या गोदामात उतरून तशाच आयर्लंडला निघाल्या की युरोपीय संघाच्या लेखी त्यांचं युरोपीयपण संपलेलं असतं, आणि ब्रिटनमध्ये त्यांच्यावर काही प्रक्रिया झालेली नसल्याने त्या ब्रिटिशही ठरत नाहीत. म्हणजे शुल्क लागू. तोच माल ट्रान्झिटखाली, म्हणजे ब्रिटनमधून नुसता पुढे जाणारा म्हणून, सीलबंद आणला तर प्रश्न येत नाही, पण मग गोदामात उघडून वाटणी करता येत नाही. पिठाचंही तसंच. ब्रिटिश गिरण्या पावाच्या पिठात कॅनडाचा गहू मिसळतात. त्याचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की टनामागे १७२ युरो.

मांस, दूध, चीज यांचं वेगळंच. प्रत्येक खेपेला सरकारमान्य पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं आणि आयरिश बाजूला किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. प्रमाणपत्रावरची सही छपाईच्या शाईपेक्षा वेगळ्या रंगात हवी. लागू नसलेली वाक्यं खोडून, तिथे पशुवैद्यकाची खूण हवी. एका ट्रकमध्ये वीस व्यापाऱ्यांचा माल असेल आणि त्यातल्या एकाच्या चीजच्या कागदात चूक असेल, तर उरलेल्या एकोणीस जणांचा मालही तिथेच अडकतो. छोट्या विक्रेत्यांनी आयर्लंडला पाठवणं बंद केलं ते शुल्कापेक्षा बहुधा याच धास्तीने.

वाटाही बदलल्या. पूर्वी युरोपला जाणारे आयरिश ट्रक होलीहेड आणि डोव्हरमार्गे सुमारे २० तासांत फ्रान्स गाठत. आता त्याच रस्त्याने जायचं तर ट्रान्झिट घोषणापत्र आणि शुल्काची हमी लागते. म्हणून २ जानेवारी २०२१ला आयर्लंडातल्या रॉसलेअरहून फ्रान्समधल्या डंकर्कला थेट बोट सुरू झाली. तिला सुमारे २४ तास लागतात, पण कस्टम्सचा कागद लागत नाही. तरी होलीहेडवरची भिस्त पुरती सुटलेली नाही. डिसेंबर २०२४च्या वादळात तिथल्या धक्क्याचं नुकसान झालं आणि नाताळच्या ऐन गर्दीत आयर्लंडकडे जाणारी पार्सलं रखडली.

सेवांचा व्यापारही आता मोठा आहे, पण करारात त्याच्या वाट्याला फार थोडं आलं. एका परवान्यावर सगळ्या युरोपात आर्थिक सेवा विकायची ब्रिटिश कंपन्यांची मुभा ३१ डिसेंबर २०२०ला संपली, आणि अनेकींनी डब्लिनमध्ये उपकंपनी काढली. माणसांच्या ये-जा करण्याला आणि नोकरीला मात्र धक्का बसला नाही. तो हक्क युरोपीय संघाचा नसून दोन देशांमधल्या जुन्या ‘समान प्रवास क्षेत्रा’च्या व्यवस्थेतून आलेला आहे.

ब्रिटनने स्वतःच्या बाजूची कस्टम्स तपासणी वारंवार पुढे ढकलली. आयर्लंडहून थेट येणाऱ्या मालासाठी ती पूर्णपणे सुरू झाली ३१ जानेवारी २०२४ला. मे २०२५मध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघ यांनी अन्न व पशुआरोग्याच्या नियमांवर समझोता करायचं तत्त्वतः मान्य केलं. तो प्रत्यक्षात आला तर पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र आणि त्याबरोबरची बहुतेक तपासणी जाईल. कस्टम्सची घोषणापत्रं आणि मालाचं मूळ सिद्ध करण्याचा नियम मात्र तसाच राहील, कारण ब्रिटन युरोपीय संघाच्या कस्टम्स युनियनच्या, म्हणजे सामायिक शुल्क-व्यवस्थेच्या, बाहेरच आहे.