जुना फ्रिज कुठे द्यायचा, नवा कसा निवडायचा: स्टार लेबल, कागदपत्रं आणि ई-कचऱ्याची प्रक्रिया

फ्रिज, एसी किंवा वॉशिंग मशीन बदलायचं म्हटलं की नव्या वस्तूची चौकशी महिनाभर चालते. जुन्या वस्तूचा निर्णय मात्र डिलिव्हरीचा टेम्पो दारात उभा राहिल्यावर घाईघाईत होतो. मग ती भंगारात जाते, नाहीतर गॅलरीत 'असू दे, पाण्याच्या बाटल्यांना' म्हणून चालूच राहते. दुसरा फ्रिज असा चालू राहिला, तर नव्या फ्रिजने वाचवलेली वीज तोच खातो. म्हणून आधी जुन्याचं ठरवा आणि मग दुकानात जा.

नवी वस्तू निवडताना

स्टार लेबल देणारी संस्था म्हणजे केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो, लोकांच्या बोलण्यातलं 'बीईई'. ही योजना २००६ पासून आहे. फ्रिज, एसी, टीव्ही, गीझर, एलईडी दिवे यांना लेबल सक्तीचं आहे. छताच्या पंख्यांनाही १ जानेवारी २०२३ पासून ते सक्तीचं झालं.

ग्राहक तारे मोजतो आणि लेबल सोडून देतो. खरं काम आहे तिथे छापलेल्या 'वार्षिक वीजवापर' या आकड्याचं. तारे त्या-त्या प्रकारच्या आणि क्षमतेच्या यंत्रांची आपसात तुलना करून दिलेले असतात. त्यामुळे पाच ताऱ्यांचा मोठा फ्रिज तीन ताऱ्यांच्या लहान फ्रिजपेक्षा जास्त युनिट खाऊ शकतो. चौघांच्या घराला पुरेल एवढाच फ्रिज घ्या, तारे त्यानंतर बघा.

लेबलवर कालावधीही असतो. निकष वेळोवेळी कडक होतात आणि कालचा पाच तारे असलेला एसी आज खालच्या श्रेणीत जाऊ शकतो. 'जुना स्टॉक, पाच स्टार, स्वस्तात' अशी ऑफर दिसली तर आधी ती तारीख वाचा. मॉडेल खरंच नोंदलेलं आहे का, हे बीईईच्या संकेतस्थळावर शोधता येतं.

एसीच्या लेबलवरचा वार्षिक आकडा १६०० तास वापर धरून काढलेला असतो. मुंबईत रोज आठ तास आणि वर्षाचे सहा-सात महिने एसी लावणाऱ्या घराला तो जवळपास लागू पडतो. नाशिकच्या घरात फक्त एप्रिल-मे महिन्यांत, रात्री सात तास एसी चालत असेल, तर वापर होतो सुमारे ४२० तास, म्हणजे पावाहून थोडा जास्त. समजा दोन मॉडेलच्या लेबलवर १००० आणि ७५० युनिट लिहिले आहेत. मुंबईकराचे वर्षाला २५० युनिट वाचतील, नाशिककराचे ६५ च्या आसपास. किमतीतला फरक या युनिटांना तुमच्या बिलातल्या वरच्या टप्प्याच्या दराने गुणून ताडून बघा. कमी वापराच्या घराने तीन ताऱ्यांचा एसी घेतला तर त्यात काही चूक नाही.

पंख्याच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. साधा जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. रोज १२ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. घरात बदलायला सुरुवात करायची असेल, तर ती पंख्यांपासून करा.

खरेदीची कागदपत्रं

जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर पूर्ण मॉडेल क्रमांक आहे ना ते दुकानातच तपासा. सोबत वॉरंटी कार्ड आणि वस्तूवरच्या लेबलचा फोटो ठेवा. एक्स्चेंजमध्ये जुनी वस्तू देत असाल, तर तिची नोंद आणि वजा केलेली रक्कम बिलावर लिहून घ्या. ती वस्तू पुढे कुठे जाणार हेही विचारा. बऱ्याचदा ती दुरुस्त होऊन पुन्हा विकली जाते आणि दुसऱ्या कुणाच्या घरात तितकीच वीज खात राहते.

लेबलवर एक आणि डब्यात दुसरंच मॉडेल निघालं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथे शुल्क नाही.

जुनी वस्तू देताना: पात्रता आणि क्रम

घरगुती ग्राहकाला कुठलीही नोंदणी करावी लागत नाही, परवानाही लागत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियमांनी जबाबदारी उत्पादक कंपनीवर टाकली आहे. पूर्वी विकलेल्या मालाच्या हिशेबाने ठरावीक प्रमाणात पुनर्चक्रण (जुन्या वस्तूंतलं साहित्य पुन्हा वापरात आणणं) कंपनीला करून घ्यावंच लागतं. हे प्रमाण २०२५-२६ आणि २०२६-२७ साठी ७० टक्के, तर २०२७-२८ पासून ८० टक्के आहे.

वर्षात १००० किंवा त्याहून जास्त विद्युत-इलेक्ट्रॉनिक उपकरणं वापरणारी संस्था 'घाऊक ग्राहक' ठरते. तिने जुनी उपकरणं फक्त नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीकार किंवा पुनर्चक्रकालाच दिली पाहिजेत. शंभर सदनिकांच्या सोसायटीने यात घाबरायचं कारण नाही, कारण घरातली उपकरणं सभासदांची असतात, सोसायटीची नव्हे.

तुम्ही करायचं ते एवढंच. वस्तूवरच्या पट्टीचा, म्हणजे मॉडेल आणि अनुक्रमांकाचा फोटो काढा. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून 'ई-कचरा म्हणून द्यायचं आहे' असं स्पष्ट सांगा, नाहीतर कॉल दुरुस्ती विभागाकडे जातो. कंपनीने दाद दिली नाही, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर नोंदणीकृत पुनर्चक्रक शोधा. मोठी वस्तू असेल तर ते घरून नेतात का, हे आधीच विचारून घ्या. मूळ बिल सापडलं तर जोडा, पण त्यावाचून काम अडू नये. वस्तू देताना मात्र पावती मागाच. पावतीवर पुनर्चक्रकाचं नाव, नोंदणी क्रमांक, तारीख आणि वस्तूचं वर्णन असावं.

भंगारवाला दोन पैसे जास्त देईल, हे खरं आहे. पण फ्रिज किंवा एसी तिथे गेला की तांब्यासाठी नळी कापली जाते आणि आतला गॅस हवेत सुटतो. जुन्या एसीतला आर-२२ ओझोनच्या थराला मारक आहे आणि तापमान वाढवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजाराहून जास्त पटींनी जोरकस आहे. खूप जुन्या फ्रिजमध्ये तर आर-१२ असतो, तो त्याहूनही वाईट. उघड्यावर वायरी जाळणारी माणसं तो धूर रोज छातीत घेतात. नोंदणीकृत ठिकाणी गॅस आधी यंत्राने काढून घेतला पाहिजे आणि मगच वस्तू फोडली पाहिजे. म्हणून वस्तू नेणाऱ्याला 'गॅस कसा काढता?' हा प्रश्न जरूर विचारा आणि फ्रिज कधीही आडवा-तिडवा आपटत जिन्यावरून नेऊ देऊ नका.

ट्यूबलाइट आणि सीएफएल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, त्यांत पारा असतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीला वेगळे नियम आहेत. नवी बॅटरी घेताना जुनी त्याच दुकानात परत द्या आणि बिलावर तिची रक्कम वजा झालेली बघा.