'फास्ट' आहे, मग उभी का आहे?

मागच्या एकादशीला संध्याकाळी घरी येताना लोकल सायनच्या पुढे जाऊन जी थांबली ती हलेचना, तेवढ्यात कुणीतरी चकलीचा डबा फिरवला आणि खिडकीतल्या काकू म्हणाल्या, "नको गं, आज फास्ट आहे." दरवाज्यातून लगेच आवाज आला, "हो ना, फास्टच आहे, मग उभी का आहे?" डबा हसला, पण माझ्या डोक्यात किडा शिरला की उपास आणि वेग यांना एकच शब्द कसा काय?

तर गंमत अशी की 'फास्ट'चा वेगाबिगाशी मुळात काहीच संबंध नाही. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता घट्ट, पक्कं, जागचं न हलणारं, म्हणजे आमची त्या दिवशीची लोकल अगदी मूळ अर्थाने फास्ट होती. हा जुना अर्थ अजून जिवंत आहे, आपल्या लक्षात येत नाही इतकंच. सीटबेल्ट 'फासन' करा म्हणतात ते तेच, नागदेवी स्ट्रीटला नटबोल्ट विकणारे स्वतःला फास्टनरवाले म्हणतात ते तेच, आणि दादरला ड्रेस मटेरियल घेताना आई दहा वेळा विचारते ना, "कलर फास्ट आहे ना हो?", तेही तेच, रंग पक्का आहे ना, धुतल्यावर जाणार नाही ना. गाढ झोपेला 'फास्ट अस्लीप' म्हणतात तेही यातूनच.

उपासाचा धागा पण इथलाच. इंग्रजीची एक जुनी चुलतबहीण गॉथिक, त्यातलं चौथ्या शतकातलं बायबलचं भाषांतर अर्धंमुर्धं टिकलंय, त्यात 'फास्तान' म्हणजे धरून ठेवणं, पाळणं, आणि उपास करणंसुद्धा. नेम घट्ट धरायचा, सुटू द्यायचा नाही. आता आपण काय म्हणतो बघा, एकादशी धरली, सोमवार धरला! दोन्हीकडे डोकं सेमच चाललंय. फक्त आपण जास्त चोखंदळ, कारण नीट संपवला तर उपास सोडला आणि मध्येच चकली खाल्ली तर मोडला, इंग्रजांकडे दोन्हीला एकच 'ब्रेक', त्यातूनच पंधराव्या शतकात ब्रेकफास्ट झाला. आणि आपला नाश्ता? तो फारसीतून आला, तिथे 'नाश्ता' म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशी!

मग वेग कुठून आला? साधारण तेराव्या शतकापासून 'फास्ट पळणं' म्हणजे नेट लावून, जोर धरून पळणं असं म्हणायला लागले असावेत, आणि नेट लावून पळणारा माणूस पुढेच जाणार, त्यामुळे घट्टपणा मागे पडला आणि वेग उरला. अनाऊन्समेंटवाली बाई कितीही जलद आणि धीमी म्हणू दे, प्लॅटफॉर्मवर सगळे विचारतात तो हाच फास्ट, वंशावळीतला सगळ्यात धाकटा.

जर्मनमध्ये घट्ट म्हणजे 'फेस्ट', पण त्याचाच सख्खा भाऊ 'फास्ट' तिकडे घसरत घसरत 'जवळजवळ' या अर्थाला येऊन बसलाय. हे दुसऱ्या दिवशी काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग आपली जर्मनच. काल कुर्ला जवळजवळ आलंच होतं की तासभर."