फेरस, फेरिक आणि ऑक्सिजनचा जुना हिशेब

वाळवा-पलूसकडं उसावर केवडा दिसला, पानं पिवळी पडली की शेतकरी हिराकस आणतो. पिशवीवर नाव असतं ‘फेरस सल्फेट’. तोंड उघडं राहिलं आणि दमट हवा लागली की हिरवट खडे तांबूस होऊ लागतात. फेरसचं फेरिक होतं ते असं. लोह तेच, पण चुनखडीच्या काळ्या रानात फेरिक जवळजवळ विरघळतच नाही, पिकाला सहज मिळत नाही. हिराकस शेणखतात मुरवून टाका म्हणतात, ते यासाठीच.

दोन्हींत फरक फक्त एका इलेक्ट्रॉनचा. गंमत अशी, की ही नावं पडली तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला ठाऊकच नव्हता. तो सापडला १८९७ साली.

तेव्हा मोजत होते ऑक्सिजन. १७८७ मध्ये पॅरिसमध्ये रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी रसायनांना नवी नावं दिली: ऑक्सिजन कमी तर सल्फ्युरस, जास्त तर सल्फ्युरिक. स्वीडनच्या बर्झेलियसनं तीच शेपटं, ‘-अस’ आणि ‘-इक’, धातूंना जोडली. ऑक्सिडीकरण ही तेव्हा तराजूवरची गोष्ट होती, धातूनं ऑक्सिजन घेतला की वजन वाढायचं. उलट क्रियेत ते घटायचं; आपला ‘क्षपण’ हा शब्दही घटण्याचाच. १८३५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्योलरनं ‘ऑक्सिडीकरणाची पायरी’ असा शब्द वापरला.

पण शेपटं दोनच, आणि मँगनीजच्या पायऱ्या तर +२ पासून +७ पर्यंत चढतात (अणूनं किती इलेक्ट्रॉन गमावले धरायचे, त्याचा हा आकडा)! १९१९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टॉकनं धातूच्या नावापुढं कंसात हा आकडा रोमन अंकांत लिहिण्याची सोय काढली: फेरस म्हणजे लोह(II), फेरिक म्हणजे लोह(III). ‘ऑक्सिडीकरण अवस्था’ हा शब्द रुळला तो अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लॅटिमरच्या १९३८ च्या पुस्तकानंतर.

हा आकडा म्हणजे अणूवरचा खरा विद्युतभार नव्हे, इथंच विद्यार्थी अडखळतात. दोन वेगळ्या मूलद्रव्यांच्या बंधातले इलेक्ट्रॉन जास्त ओढणाऱ्याच्या खात्यावर पूर्ण मांडायचे, मग शिल्लक बघायची. परमँगनेटमधल्या (मँगनीज आणि ऑक्सिजनच्या जांभळ्या संयुगातल्या) मँगनीजवर सात धनभार प्रत्यक्षात नसतात, खतावणीत असतात. आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेनं, म्हणजे आययुपॅकनं, २०१६ मध्ये व्याख्या नव्यानं केली, तीही याच मांडणीवर.

या खतावणीत ऑक्सिजनच्या नावावर बहुधा −२ पडतात, पेरॉक्साइडमध्ये, म्हणजे दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले असतात तिथं, −१. गाठ फ्लोरिनशी पडली तर मात्र देणं त्याच्याच अंगावर येतं. ऑक्सिजन डायफ्लोराइडमध्ये त्याची अवस्था +२. ऑक्सिडीकरण म्हणजे आता इलेक्ट्रॉन गमावणं, आणि तिथं ते खुद्द ऑक्सिजनचंच झालेलं असतं.