अल्फोन्सो डेव्हिस: विंगरचा बचावपटू कसा झाला

जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबच्या डाव्या बगलेत वाऱ्यासारखा धावणारा अल्फोन्सो डेव्हिस जगातल्या नावाजलेल्या लेफ्ट बॅकपैकी, म्हणजे डाव्या बाजूच्या बचावपटूंपैकी एक. पण बचाव करणं तो लहानपणापासून शिकलेला नाही. कारकिर्दीची सुरुवात त्याने आघाडीला खेळून केली. मागच्या फळीत तो गेला तो संघ अडचणीत होता म्हणून, आणि तिथेच त्याचं नाव झालं.

त्याचे आईवडील लायबेरियाचे. यादवी युद्धातून जीव वाचवून ते घानाला गेले आणि तिथल्या बुदुबुराम निर्वासित छावणीत 2 नोव्हेंबर 2000 रोजी अल्फोन्सोचा जन्म झाला. तो पाच वर्षांचा असताना कुटुंबाला कॅनडात आसरा मिळाला. आधी विंडसर, मग एडमंटन. आईवडील दोघंही कामावर, त्यामुळे धाकट्या भावंडांना सांभाळायचं काम त्याच्याकडे.

कॅनडात मुलाला क्लबात फुटबॉल खेळवायचं तर खर्च बराच येतो: क्लबची फी, बूट, सामन्यांना ने-आण. एडमंटनमध्ये ‘फ्री फुटी’ नावाचा उपक्रम होता. गरीब वस्त्यांतल्या शाळकरी मुलांना फी नाही, किट मिळायचं आणि सामन्याला न्यायला गाडीची सोयही व्हायची. डेव्हिस तिथे खेळला, मग एडमंटन स्ट्रायकर्समध्ये गेला. त्याच्या यशाचं श्रेय आपण लगेच त्याच्या वेगाला देतो. मला वाटतं, त्या गाडीचाही त्यात मोठा वाटा आहे. ती नसती तर तो वेग कुणाच्या नजरेलाच पडला नसता.

चौदाव्या वर्षी व्हँकुव्हर व्हाइटकॅप्सच्या अकादमीने त्याला बोलावलं. एवढ्या लहान मुलाला परगावी पाठवायला आईचं मन तयार नव्हतं, पण अखेर तिने होकार दिला. कॅनडाची स्वतःची प्रीमियर लीग 2019 मध्ये सुरू झाली. त्याआधी तिथल्या गुणी पोरांपुढे मुख्य वाट होती ती अमेरिकेच्या ‘एमएलएस’ची, म्हणजे मेजर लीग सॉकरची. जुलै 2016 मध्ये, पंधराव्या वर्षी, डेव्हिस व्हाइटकॅप्सकडून त्या लीगमध्ये उतरला. जून 2017 मध्ये त्याला नागरिकत्व मिळालं आणि आठवडाभरात क्युरासाओविरुद्ध राष्ट्रीय संघाची जर्सीही. पुढच्याच महिन्यात गोल्ड कप या उत्तर अमेरिकेतल्या देशांच्या स्पर्धेत त्याने तीन गोल केले. तेव्हा तो पूर्णपणे आक्रमक खेळाडू होता.

बायर्ननेही जुलै 2018 मध्ये त्याला विंगर, म्हणजे बगलेतून चढाई करणारा खेळाडू म्हणूनच घेतलं. एमएलएसमधून बाहेर जाणाऱ्या खेळाडूसाठी तोवर एवढी रक्कम कुणी मोजली नव्हती. ऑक्टोबर 2019 मध्ये लुकास हर्नांडेझ आणि निकलास ज्यूले हे दोन बचावपटू दुखापतीने बाहेर गेले. प्रशिक्षक निको कोवाच यांनी डाविद अलाबाला बचावफळीच्या मध्यभागी सरकवलं आणि अलाबाच्या रिकाम्या जागी डेव्हिसला उभं केलं. काही दिवसांतच कोवाच गेले आणि हान्सी फ्लिक आले. त्यांनी ही मांडणी मोडली नाही. फ्लिक यांच्या बायर्नची बचावफळी मैदानात खूप वर सरकून खेळायची, म्हणजे तिच्या मागे मोठी मोकळी जागा उरायची. तिथे चेंडू पडला की डेव्हिस उलटा धावत जाऊन तो गाठायचा. उभं राहण्याची जागा चुकली तरी वेगावर भरून काढायचा. जून 2020 मध्ये बुंडेसलिगा या जर्मन लीगमध्ये त्याचा वेग ताशी 36.51 किलोमीटर मोजला गेला.

14 ऑगस्ट 2020 ची लिस्बनमधली रात्र फुटबॉलवेडे विसरणार नाहीत. बार्सिलोनाविरुद्ध डाव्या रेषेवर त्याला चेंडू मिळाला. समोर नेल्सन सेमेदो. डेव्हिस क्षणभर थबकला, त्याला चकवून पुढे गेला, गोलरेषेच्या कडेकडेने आत शिरला आणि चेंडू मागे सहकारी किमिशकडे सरकवला. किमिशला फक्त पाय लावायचा होता. बायर्नने सामना 8-2 जिंकला. नऊ दिवसांनी पॅरिसच्या पीएसजीला 1-0 हरवून बायर्न युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचा विजेता झाला.

कॅनडाकडून मात्र तो बरीच वर्षं पुढेच खेळत राहिला. ऑक्टोबर 2021 मध्ये टोरंटोत पनामाविरुद्ध 1-1 अशी बरोबरी असताना, बाहेर जाणारा चेंडू त्याने बचावपटूच्या पायातून हिसकावला आणि एकट्याने धावत जाऊन गोल केला. 2022 च्या सुरुवातीला कोविडनंतर हृदयाच्या स्नायूला सूज आली आणि तो काही महिने बाहेर बसला. 36 वर्षांनी कॅनडा विश्वचषकाला पात्र ठरला, तो क्षण त्याने घरी पडद्यावर पाहिला आणि ढसाढसा रडला. कतारमध्ये बेल्जियमविरुद्ध त्याची पेनल्टी गोलरक्षक कोर्त्वाने अडवली. चार दिवसांनी क्रोएशियाविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला त्याने हेडरने गोल केला. पुरुषांच्या विश्वचषकातला कॅनडाचा तो पहिलाच गोल, कारण 1986 च्या विश्वचषकात त्यांना एकही करता आला नव्हता.

2024 मध्ये जेसी मार्श कॅनडाचे प्रशिक्षक झाले. त्यांनी डेव्हिसला कर्णधार केलं आणि कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी स्पर्धेत लेफ्ट बॅकलाच खेळवलं. कॅनडा चौथा आला. मार्च 2025 मध्ये अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. त्याच्या सुमारे दीड महिना आधीच बायर्नने त्याचा करार 2030 पर्यंत वाढवला होता. वर्ष संपता संपता तो मैदानावर परतला, 2026 चा विश्वचषक काही महिन्यांवर असताना. हे यजमानपद कॅनडा, अमेरिका आणि मेक्सिकोला मिळावं म्हणून जून 2018 मध्ये मॉस्कोत फिफाच्या सभेपुढे बोलायला उभा राहिलेला सतरा वर्षांचा मुलगाही तोच.