अल्जीरियाचा तह फ्रेंच जनतेवर लादला गेला होता का?

फ्रान्सच्या ताब्यातील अल्जीरियातील स्वातंत्र्ययुद्ध वाटाघाटींनी संपवण्यास फ्रेंच जनतेचाच विरोध होता आणि फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी तह तिच्या माथी मारला, असे आजही सर्रास सांगितले जाते. मतपेटीने मात्र उलटाच कौल दिला होता: जानेवारी १९६१ च्या सार्वमतात अल्जीरियाच्या स्वयंनिर्णयाला सुमारे ७५ टक्के, तर एप्रिल १९६२ मध्ये एव्हियाँ करारांना, म्हणजे युद्ध संपवणाऱ्या याच तहाला, सुमारे ९१ टक्के मते मिळाली. विरोधक फ्रान्समध्ये थोडे होते, पण कमालीचे कडवे. बोलणी जिथे व्हायची होती त्या एव्हियाँ या फ्रेंच गावाचे महापौर कामी ब्लाँ ३१ मार्च १९६१ रोजी बॉम्बस्फोटात मारले गेले आणि महिनाभरातच चार निवृत्त फ्रेंच जनरलांनी अल्जियर्समध्ये केलेले बंड काही दिवसांत कोसळले. दुसऱ्या सार्वमतात अल्जीरियातील युरोपीय रहिवाशांना मताधिकारच नव्हता, ही त्यांची तक्रार मात्र रास्त होती.